जुन्या गाडीला नवा तोंडवळा: आधी बांधा, बिल्ला शेवटी

नोव्हेंबर २०२४मध्ये जॅग्वारने आपली नवी ओळख जाहीर केली. नवी अक्षरं, नवं चिन्ह आणि भडक रंगांच्या कपड्यांतल्या माणसांची एक छोटी फिल्म. त्या फिल्ममध्ये गाडीच नव्हती. गाडीचं कल्पनाचित्र म्हणावं असं पहिलं मॉडेल डिसेंबरात मायामीत दाखवलं गेलं. तोवर जगभर वाद रंगला तो फक्त अक्षरांवर. जॅग्वार २००८पासून टाटा समूहाकडे असल्यामुळे आपल्याकडेही तो वाद घरचा असल्यासारखा झाला. ती गाडी पुढे कशीही निघो, माझ्या मते क्रम चुकला. जुन्या नावावर लोकांचा जीव जडतो तो गाडीच्या बांध्यामुळे, बसण्याच्या उंचीमुळे, दाराच्या आवाजामुळे. बिल्ला त्या सगळ्यावर शेवटी लावायची मोहर आहे. मोहर आधी उमटवली, तर कागद कोराच राहतो.

ठाण्यात, नवी मुंबईत डिझाइन शिकणारी बरीच मुलं प्रकल्पासाठी 'जुन्या ब्रँडचं पुनरुज्जीवन' हा विषय घेतात, आणि पहिल्याच दिवशी संगणकावर लोगो काढायला बसतात. त्यांच्यासाठी, आणि जाहिरात संस्थांत किंवा शोरूममध्ये काम करणाऱ्यांसाठीही, हे काम पायरीपायरीने मांडतो. उदाहरण म्हणून प्रीमियर पद्मिनी घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून बनलेली, सत्तरच्या दशकात पद्मिनी हे नाव मिळालेली, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतून निवृत्त झालेली ही गाडी आपल्या भागात आजही सगळ्यांना ठाऊक आहे. हा निव्वळ सराव समजायचा. नावाच्या हक्काचा प्रश्न वेगळा आहे, तो पुढे येईल.

पायरी पहिली: दुखणं कोणतं, ते ओळखा

'ब्रँड जुनाट वाटतो' या एका तक्रारीमागे तीन निरनिराळी दुखणी असतात. गाडी चांगली आहे पण दिसायला जुनी आहे. किंवा गाडीच जुनी झाली आहे. किंवा लोकांचा विश्वास उडाला आहे. नवं रूप फक्त पहिल्या दुखण्यावर लागू पडतं.

अँबेसेडरचं बघा. २००४मध्ये तिची 'अविगो' आवृत्ती आली. नवं तोंड, आत जुन्या पद्धतीचा देखणा डॅशबोर्ड. काम मन लावून केलेलं होतं, पण आतली गाडी तीच होती. २०१४मध्ये कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं आणि २०१७मध्ये अँबेसेडर हे नाव पेजो गटाला ८० कोटी रुपयांना विकलं गेलं. कारखाना थांबल्यावरही नावाला एवढी किंमत आली, म्हणजे नाव आजारी नव्हतं, गाडी आजारी होती.

तिसऱ्या दुखण्याचं उदाहरण आपल्या ठाणे जिल्ह्यातच आहे. नव्वदच्या दशकात कल्याणच्या कारखान्यात पेजो ३०९ बनत होती. चालवायला उत्तम गाडी, आजही जाणकार तिचं नाव काढतात. पण भागीदारी फार टिकली नाही, आणि कंपनी निघून गेली की सुट्या भागांसाठी वणवण करावी लागते ती मालकाला. असा अनुभव घेतलेल्या घरात त्या नावाची नवी गाडी न्यायची असेल, तर ग्रिल बदलून भागणार नाही. आधी वॉरंटी, सुटे भाग आणि वर्कशॉप यांची हमी द्यावी लागेल.

कागदावर एक वाक्य लिहा: 'लोक ही गाडी घेत नाहीत, कारण...' ते वाक्य पूर्ण झाल्याशिवाय पेन्सिल हातात घेऊ नका.

पायरी दुसरी: लोकांच्या हाताला काय आठवतं

'तुम्हाला या गाडीत काय आवडायचं?' असं विचारलं की सगळे 'मजबूत होती' म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी कोरा कागद आणि पेन द्या, आणि अर्ध्या मिनिटात आठवेल तशी गाडी काढायला सांगा. चित्रकला येत नसलेल्या माणसाने काढलेलं चित्र जास्त उपयोगी, कारण तो फक्त ठळक तेवढंच काढतो. मासुंदा तलावाच्या काठी संध्याकाळी बसणारी ज्येष्ठ मंडळी, स्टेशनबाहेरचे रिक्षावाले, कॉलेजची मुलं, तिन्ही वयोगटांकडून कागद भरून घ्या. मग सगळे कागद जमिनीवर शेजारी शेजारी मांडा आणि काय काय पुन्हा पुन्हा येतंय ते बघा.

पद्मिनीच्या बाबतीत दोन गोल दिवे, बॉनेट-केबिन-डिकी असे तीन सरळ खोके आणि ताठ उभी काच एवढं बहुतेक जण काढतील. ज्यांच्या घरी गाडी होती ते मागच्या मडगार्डावरचा छोटा उभा कल्लाही, म्हणजे माशाच्या परासारखा उंचवटाही, काढतील. तरुणांच्या कागदावर वरती कॅरिअर दिसेल, कारण त्यांनी ती फक्त टॅक्सी म्हणून पाहिली. ही माहिती फार मोलाची आहे. आजोबांच्या लेखी ती घरातली पहिली गाडी, नातवाच्या लेखी भाड्याची. नवं रूप कोणासाठी, याचा निर्णय इथेच करावा लागतो.

डोळ्यांव्यतिरिक्तच्या आठवणींसाठी वागळे इस्टेटमधल्या जुन्या गॅरेजांत जा. डेंटिंग करणारा कारागीर जे सांगेल ते कुठल्याही माहितीपत्रकात मिळत नाही: पत्रा किती जाड होता, कोणत्या वळणावर हातोडी जपून मारावी लागायची, कुठे पाणी साचून गंज धरायचा. जुन्या मालकाला रिकाम्या खुर्चीवर बसवा आणि 'गिअर टाकून दाखवा' म्हणा. त्याचा डावा हात खाली न जाता स्टिअरिंगच्या मागे जाईल. पद्मिनीचा गिअर तिथे होता, आणि शरीर ते विसरत नाही.

पायरी तिसरी: तीनच गोष्टी ठेवा

जमलेल्या आठवणींतून जास्तीत जास्त तीन निवडायच्या. चौथी ठेवली की गाडी नाटकातल्या नेपथ्यासारखी दिसायला लागते. निवडताना माझी कसोटी एकच: जुन्या खुणेला नवं काम देता येतं का?

याचं सर्वांत सुंदर उदाहरण रेनॉ ५. मूळ १९७२च्या गाडीच्या बॉनेटवर एका बाजूला हवेची जाळी होती. २०२४च्या विजेवरच्या गाडीत हवेची गरज उरली नाही, तर त्याच जागी बॅटरी किती भरली ते दाखवणारा पाचचा आकडा आला. जुन्या मालकाला खूण पटते आणि नव्या ग्राहकाला सोय मिळते. उलट बाजूला फोक्सवॅगनची १९९८ची नवी बीटल. आकार हुबेहूब जपला, पण इंजिन मागून पुढे आलं होतं, त्यामुळे त्या गोल आकाराला आतून काही कारण उरलं नव्हतं. सुरुवातीला कौतुक झालं, पण त्यातून गाड्यांचं कुटुंब उभं राहिलं नाही, आणि २०१९मध्ये तिची पुढची आवृत्तीही बंद झाली.

म्हणून दुसरी कसोटीही लावा. निवडलेली खूण एका हॅचबॅकवर, एका एसयूव्हीवर आणि एका डिलिव्हरी व्हॅनवर काढून बघा. तिन्हीवर शोभली तर ती ब्रँडची खूण. एकाच गाडीवर शोभत असेल तर ती त्या मॉडेलची आठवण, तिच्यावर कंपनीचं भवितव्य ठेवू नका. टाटा सिएराच्या वेळी हा प्रश्न फार अवघड होता. १९९१ची ती तीन दारांची गाडी छतात वळलेल्या मागच्या बाजूच्या खिडकीच्या काचेमुळे ओळखली जायची. २०२५ची सिएरा पाच दारांची आहे, तरी दुरून बघताना त्या काचेचा ठसा डोळ्यांत भरतो. दारं वाढवूनही खूण राखणं हे मोठं कसब आहे.

पद्मिनीसाठी मी ताठ बैठक, गोल दिवे आणि मागचा कल्ला ठेवीन. कल्ल्यात चार्जिंगचं झाकण बसतं आणि त्याच्या टोकाला टेललॅम्प, म्हणजे त्याला काम मिळालं. स्टिअरिंगमागचा गिअर खुणांत मोजायची गरजच नाही. विजेच्या कित्येक गाड्यांत गिअरचा दांडा आज तिथेच परत आला आहे, तो फुकटात मिळतो. समोरची सलग सीट मात्र सोडून द्यावी लागेल. आजचे पट्टे आणि एअरबॅग यांच्याशी तिचा मेळ बसत नाही.

पायरी चौथी: बांधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गाडी बाजूने काढा, आणि तपशील काहीच नको: दोन चाकं, जमिनीची रेघ, छताची रेघ, काचेची खालची रेघ. चाकाचा व्यास हीच मोजपट्टी धरायची. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये साधारण तीन चाकं मावली तर गाडी आजच्या नजरेला तोलात वाटते. जुन्या गाड्यांची चाकं लहान, काचा उंच, खांब बारीक. आज धडकेत माणूस वाचावा म्हणून खांब जाड करावे लागतात, पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर बॉनेट दबावं म्हणून त्याखाली पोकळी ठेवावी लागते, आणि बॅटरी जमिनीखाली गेल्यामुळे सगळी गाडी वर उचलली जाते. जुन्या रेघा जशाच्या तशा या नव्या सांगाड्यावर ओढल्या की गाडी सुजल्यासारखी दिसते.

यावर उपाय म्हणजे आकडे न जपता नातं जपायचं. पद्मिनीत काच आणि पत्रा यांचं नातं मोकळं होतं, आतून बाहेरचं छान दिसायचं. आज काच तेवढी उंच करता येणार नाही. पण काचेची खालची रेघ मागे जाताना वर न चढवता सपाट ठेवली, तर मागे बसलेल्या मुलालाही बाहेरचं दिसतं आणि बाहेरून बघणाऱ्याला ती जुनी शांत बैठक जाणवते.

लांबीचा विचार इथेच करा. २००६च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत मिळत आली आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून त्यांच्यावर १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्या गाड्यांवर ४०. डिकी कापल्यासारख्या दिसणाऱ्या कितीतरी सेदान या नियमातून जन्मल्या. पद्मिनी मुळातच चार मीटरच्या आत होती, दोन चाकांमधलं अंतर २,३४० मिलिमीटर. आजच्या तेवढ्याच लांबीच्या डिझायरमध्ये ते २,४५० आहे. म्हणजे चाकं कोपऱ्यांकडे ढकलायला जागा आहे, आणि तीन खोक्यांचा आकार न कापता बसवता येतो. गाडी विजेवरची असेल तर ५ टक्के जीएसटीला लांबीची अट नाही. पण घोडबंदर रोडवरच्या संकुलांतल्या स्टॅक पार्किंगला, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवण्याच्या सोयीला, उंचीची आणि वजनाची अट असते, तिकडे दुर्लक्ष करू नका. स्थानिक ग्राहक चाचणीला आला की पहिला प्रश्न हाच असतो.

बसण्याची उंची हाही बांध्याचाच भाग. जुन्या गाडीत साडी नेसलेली आजी खुर्चीवर बसावी तशी आडवी सरकून बसायची, वाकावं लागायचं नाही आणि चढावंही लागायचं नाही. आजच्या लोकांना उंच गाडी हवी असते, त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे. उंबऱ्याची उंची ठरवताना घरातल्या ज्येष्ठांना खुर्चीवर बसवून गुडघ्याची उंची प्रत्यक्ष मोजा.

रेघा ठरल्या की पूर्ण आकारात बघा. सोसायटीच्या तळघरातल्या भिंतीवर काळ्या चिकटपट्टीने गाडीची बाजू खऱ्या मापाची काढता येते. मोठे स्टुडिओही चिकटपट्टीनेच काढतात, कारण ती ओढली की वळण आपोआप गुळगुळीत येतं आणि उचलून पुन्हा लावता येते. पडद्यावर देखणी दिसलेली रेघ भिंतीवर बऱ्याचदा लोंबते.

पायरी पाचवी: तोंड

किआने २००७मध्ये पीटर श्रायर यांच्या हाताखाली 'वाघाचं नाक' म्हणतात ते ग्रिल आणलं. व्हॉल्वोने २०१४च्या एक्ससी९०वर हातोड्याच्या आकाराचे दिवे दिले. दोघांनीही तीच खूण पुढची कित्येक वर्षं सगळ्या गाड्यांवर चिकाटीने चालवली, म्हणून ती लोकांच्या डोक्यात बसली. दर मॉडेलला नवं तोंड देणाऱ्याला तोंडवळा मिळत नाही.

तुमच्या रेखाटनाची परीक्षा रात्री घ्या. कापूरबावडीच्या सिग्नलला थांबून मागच्या गाड्या आरशात बघा. फक्त दिव्यांवरून कोणकोणत्या कंपन्या ओळखता येतात? सध्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच प्रकाशपट्टी देण्याची लाट आहे, त्यामुळे त्या पट्टीने कोणीच वेगळं दिसत नाही. गोल दिव्यांची जोडी अशा गर्दीत चटकन उठून दिसेल.

तोंड कायद्यानेही तुमचंच हवं. महिंद्राच्या रॉक्सॉर या गाडीवरून अमेरिकेत जीपच्या मालकांशी झालेला वाद २०२०मध्ये आयातबंदीच्या आदेशापर्यंत गेला आणि महिंद्राला गाडीचं रूप बदलावं लागलं. उभ्या फटींचं ग्रिल ही साधी गोष्ट वाटते, पण ती कोणाची तरी असते.

आता एक गोष्ट, जी परदेशी स्टुडिओत कोणाच्या लक्षात येणार नाही. नवी गाडी आपल्याकडे पाडव्याला किंवा दसऱ्याला घरी येते. बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं जातं आणि तोंडाला झेंडूचा हार बांधला जातो. ग्रिलच्या पट्ट्यांत दोरा ओवायची सोय असायची. बंद, गुळगुळीत तोंडाच्या गाडीवर हार चिकटपट्टीने लावतात, आणि पुष्कळदा तो नेमका बिल्ल्यावर किंवा बंपरच्या मधोमध येतो, जिथे अंतर मोजणारा रडार लपवलेला असतो. रडार झाकला गेला की डॅशबोर्डवर इशारा लागतो, तोही गाडी घेतल्याच्या पहिल्या दिवशी. दिव्यांच्या आतल्या बाजूला दोन छोट्या खाचा ठेवल्या तर दोरा तिथे अडकवता येईल आणि हार रडारच्या वरून जाईल. खर्च जवळजवळ नाही. असा तपशील दिसला की ग्राहकाला कळतं, गाडी काढणाऱ्याने आपलं घर पाहिलं आहे. नंबरप्लेटचंही तेच. ५०० बाय १२० मिलिमीटरची पाटी पहिल्या रेखाटनापासून काढा, शेवटी जागा शोधत बसू नका.

पायरी सहावी: मातीत उतरवा

संगणक कितीही पुढे गेला, तरी पृष्ठभाग हाताला कळतो. गाडीच्या कामाची माती मेणा-तेलाची असते. ती वाळत नाही, साधारण ६० अंशांना मऊ होते आणि थंड झाली की खरवडता येते. विद्यार्थ्यांनी एकास चार मापाचं मॉडेल करावं, म्हणजे चार मीटरची गाडी एक मीटरची होते. आत फोमचा गाभा ठेवला की माती कमी लागते. अर्धीच गाडी करून मधोमध आरसा उभा केला तरी चालतं. पूर्ण झाल्यावर चकचकीत फिल्म चढवा आणि ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाची रेघ बघा. ती मध्येच तुटली किंवा वळवळली, तर तिथे पृष्ठभाग चुकला आहे.

इथे खर्चाचंही भान ठेवा. बंपर, ग्रिल, दिवे बदलणं तुलनेने स्वस्त. दारं, छत, मडगार्ड यांचा पत्रा बदलायचा तर प्रेसचे नवे डाय, म्हणजे साचे, करावे लागतात, आणि तो आकडा कोटींत जातो. मधल्या वर्षांतल्या फेसलिफ्टमध्ये गाडीचं तोंड बदलतं पण दारं तीच राहतात, ते यामुळेच.

पायरी सातवी: रंग आणि आतली बाजू

थोडक्यात सांगतो. खाडीच्या हवेत, ऐरोली-वाशीच्या बाजूला, हलक्या प्रतीच्या क्रोमवर लवकर डाग पडतात. आतलं चकचकीत काळं प्लास्टिक धूळ आणि बोटांचे ठसे दाखवतं. एसीला बटणं ठेवा, पावसात काच धुरकटली की पडद्यावरचा मेनू शोधायला वेळ नसतो. पद्मिनीसाठी काळापिवळा रंग मुद्दाम टाळावा, नाहीतर तरुणांच्या मनातली टॅक्सी पुसली जाणार नाही.

पायरी आठवी: नाव आणि बिल्ला

आधी हक्क तपासा. ट्रेडमार्कची नोंदणी दहा वर्षांची असते आणि नूतनीकरण करत राहता येते. या नोंदणीत वाहनांचा वर्ग बारावा. सलग पाच वर्षांहून जास्त काळ न वापरलेलं नाव नोंदवहीतून काढण्यासाठी अर्ज करता येतो, पण म्हणून बंद पडलेल्या गाडीचं नाव बेवारस समजू नका. २०२४मध्ये महिंद्राने बीई ६ई हे नाव जाहीर केलं, इंडिगो या विमान कंपनीने ६ई या आपल्या खुणेवरून न्यायालयात धाव घेतली, आणि गाडीचं नाव बीई ६ झालं.

बिल्ल्याकडे येऊ. २०१९मध्ये फोक्सवॅगन, २०२०मध्ये बीएमडब्ल्यू आणि निसान, अशा एकामागून एक कंपन्यांनी उठावदार चिन्हं सपाट केली, कारण ती फोनच्या पडद्यावर नखाएवढ्या जागेत दिसायला हवी होती. सपाट करताना वाचनीयता सांभाळा. किआचं २०२१चं जोडलेलं चिन्ह अनेकांनी 'केएन' असं वाचलं. महिंद्राने त्याच वर्षी एसयूव्हींसाठी वेगळं चिन्ह आणलं, पण एक्सयूव्ही७०० या नव्या गाडीसोबत आणलं. चिन्ह आणि गाडी एकत्र दिसली, म्हणून ते रुजलं.

तुमचा बिल्ला फोनवर, स्टिअरिंगच्या मधोमध, चाकाच्या टोपीवर, मेकॅनिकच्या शर्टावरच्या भरतकामात आणि शोरूमच्या पाटीवर, अशा पाच ठिकाणी तपासा. पाटी मराठीतही लागणार. महाराष्ट्रात दुकानांवरची देवनागरी पाटी सक्तीची आहे आणि तिची अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. तरी बहुतेक कंपन्या रोमन अक्षरांवर महिने घालवतात आणि देवनागरी पाटीवाल्यावर सोडतात. मग शोरूमवर एकाच नावाची दोन वेगळी घराणी दिसतात. दोन्ही लिपी एकाच वेळी, एकाच टेबलावर काढा. 'पद्मिनी'मधलं द्म हे जोडाक्षर लहान आकारात बुजतं, त्याच्या पोटातली जागा हाताने मोकळी करावी लागते. पहिल्या वेलांटीची कमान आणि शिरोरेषेची जाडी गाडीच्या छताच्या रेघेशी जुळवून बघा, ती संधी रोमन अक्षरांत मिळत नाही.

पायरी नववी: जुन्या मालकांपासून सुरुवात

नव्या पाट्या लावण्याआधी वर्कशॉप तयार करा. तुर्भे किंवा वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमध्ये नव्या गाडीचे बंपर, दिवे आणि काचा साठ्यात आल्याशिवाय घोडबंदर रोडच्या शोरूमचं उद्घाटन करू नका. जुनी गाडी अजून चालवणाऱ्यांना प्रदर्शनाच्या आधी बोलवा, नव्या गाडीत बसवा, दार चार वेळा लावू द्या, आणि त्यांची नाराजी लिहून घ्या. महिंद्राने २०२२मध्ये स्कॉर्पिओ-एन आणली तेव्हा जुन्या बांध्याची गाडी 'क्लासिक' नावाने चालू ठेवली, म्हणजे जुन्या ग्राहकाला कोणी दाराबाहेर काढलं नाही. तुमच्याकडे जुनं मॉडेल उरलं नसेल, तर निदान जुन्या गाडीचे बिल्ले, रबरं आणि दिव्यांच्या काचा पुन्हा बनवून सुट्या भागांच्या काउंटरवर ठेवा, आणि त्यावर जुनंच चिन्ह राहू द्या.